काच नीटच होती

कुंदाताई,

तुमच्या शोकसभेत चार जण तुमच्या चिवड्याबद्दल बोलले. दोघे तिळगुळाबद्दल. एकाने सांगितलं की लॅबमध्ये कुणी आजारी पडलं तर तुम्ही चंदीगडशेजारच्या पंचकुल्याहून स्कूटीवर मुगाची खिचडी घेऊन यायचात. हे सांगताना तो खरंच रडला, म्हणून त्याच्यावर रागावता येईना. बाकी सगळ्यांवर मात्र मी रागावले. अठ्ठावीस वर्षं ज्या बाईने त्या प्रयोगशाळेतली जवळजवळ प्रत्येक काच स्वतःच्या हाताने घडवली, तिच्या काचेबद्दल तासाभरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

शेवटी डॉ. सेठी उठले. माझे गाईड, तुमचे साहेब. "कुंदा जी हमारे लिए माँ जैसी थीं," ते म्हणाले. "और चाँदी वाले ग्लास के जिस पेपर ने इस लॅब का नाम बनाया, उसमें भी उनका बड़ा हाथ था."

तो पेपर. ज्याच्यावरून तुम्ही स्वतःच्या पेनाने स्वतःचं नाव खोडलं होतंत, तो.

तुम्ही गेल्याला दीड महिना होत आला, ताई. लोक म्हणतात, दुःख हळूहळू निवतं. माझं दुःख अजून नीट सुरूही झालेलं नाही, कारण त्याच्या आधी राग येऊन बसलाय आणि जागचा हलत नाही. त्यातला किती सेठी सरांवरचा, किती तुमच्यावरचा आणि किती माझ्यावरचा, हे मला तुमच्यासमोरच वेगळं करायचंय. दुसऱ्या कुणासमोर ते जमणार नाही.

मी लॅबमध्ये आले तेव्हा पस्तिशीला टेकले होते. माझ्या नवऱ्याची, समीरची, एअर फोर्समधली बदली चंदीगडला झाली होती. मुक्काम तीन वर्षांचा. त्याच्या बदल्यांमागे फिरताना माझी पीएच.डी. दोनदा सुरू होऊन दोनदा सुटली होती. ही तिसरी खेप. सेठी सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ग्लास कुंदा जी बनाती हैं, उनसे मिल लो." मी भट्टीच्या खोलीत येऊन हिंदीत नमस्कार केला. तुम्ही वळूनही न बघता विचारलंत, "मराठी ना?"

"हो. साताऱ्याची."

"मी दर्यापूरची. बस. त्या स्टुलाले हात नको लावू, तापलं आहे."

एवढीच आपली ओळख झाली. तुमच्या यजमानांना, वानखडे काकांना, केंद्र सरकारच्या ऑफिसने लग्नानंतर इकडे पाठवलं, आणि तुम्ही अमरावतीची फिजिक्सची एम.एस्सी. घेऊन त्यांच्या मागोमाग आलात. मिळाली ती टेक्निकल असिस्टंटची जागा घेतलीत. काकांच्या पुढे तीन बदल्या झाल्या, तुम्ही मात्र लेकीला, जुईला, घेऊन इथेच राहिलात. हे मला हळूहळू कळलं. तुम्ही स्वतःबद्दल सांगायचात ते काचेबद्दल सांगता सांगता, मधेच कुठेतरी, एखाद्या वाक्यात.

काच कशी करायची ते तुम्ही मला शिकवलंत. साध्या काचेच्या पट्ट्या वितळलेल्या चांदीच्या क्षारात बुडवून ठेवायच्या, म्हणजे चांदी आत शिरते. मग त्या भट्टीत ठरावीक वेळ तापवायच्या, म्हणजे आत शिरलेली चांदी एकत्र येऊन तिचे कण होतात. डोळ्याला कधी दिसणार नाहीत इतके बारीक. पण त्यांच्यामुळे काचेला रंग चढतो, आणि रंगावरून तुम्ही कणांचा आकार सांगायचात. "हळदीच्या दुधासारखा रंग आला की काढायची. काकवीसारखा झाला की कण मोठे झाले, मग ती पट्टी कपाटात शोभेला ठेव." मी यंत्रावर मोजून बघायचे. तुमचं चुकलेलं मला आठवत नाही.

त्या काचेचं काम काय, हे मी आईला फोनवर सांगायचे तेव्हा ती 'बरं बरं' म्हणून विषय बदलायची. पण गोष्ट तशी साधी आहे. खिडकीच्या काचेतून ऊन आलं तरी काच बदलत नाही; कमी ऊन असलं तर कमी येतं, जास्त असलं तर जास्त. प्रकाश फारच तीव्र असेल, लेसरसारखा, तर मात्र काच स्वतः बदलते आणि प्रकाशाला वेगळं वळवते. चांदीचे कण असतील तर हे वळवणं पुष्कळ वाढतं. आमच्या प्रोजेक्टचा उद्देश होता असा चष्मा, ज्याच्यावर लेसरची तिरीप पडली तर तो आपोआप ती फाकवून टाकेल. विमान उतरताना खालून कुणी लेसर मारला तर पायलटचा डोळा वाचेल. समीर हेलिकॉप्टर चालवतो. त्यामुळे हा विषय मिळाला तेव्हा मला उगाचच वाटलं होतं की यात काहीतरी योग आहे.

मोजणी अशी करायची की लेसरच्या वाटेत भिंगापुढे काच ठेवायची, ती केसाकेसाने पुढेमागे सरकवायची आणि पलीकडे किती प्रकाश पोचतो ते नोंदवायचं. तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात माझा आकडा आला. तो छापून आलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. सेठी सर माझ्या टेबलापाशी दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मग खाली जाऊन सगळ्यांसाठी गाजरहलवा घेऊन आले.

तुम्ही हलवा खाल्लात आणि म्हणालात, "एवढा?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मला लेसरच्या खोलीत बोलावलंत. तुम्ही वाटेत एक झडप बसवली होतीत, डोळ्याचं पातं लवतं त्याच्याहूनही झटकन उघडणारी, आणि पलीकडचा प्रकाश पडद्यावर क्षणाक्षणाने कसा बदलतो ते दिसेल अशी जोडणी केली होतीत.

"आता पाह," तुम्ही म्हणालात आणि झडप उघडलीत.

पडद्यावरची रेघ एकदम खाली यायला हवी होती. ती उतरली सावकाश, उतारावरून सायकल सोडावी तशी.

"प्रकाश प्रकाशाले वळवते तर लगेच वळवेल. त्याले वाट पाहायचं काही कारण नाही. मग ही काच वेळ घेऊन राहिली, ते काहून?"

मला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती. तुम्हीच बोललात, "तापून राहिली ती. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी दिसते नं, तसं. तुझा आकडा चांदीचा नाही अनघा, उष्णतेचा आहे."

आमच्या लेसरचे पल्स, म्हणजे प्रकाशाचे ठोके, एकामागून एक इतके दाट यायचे की मधल्या वेळात काचेला निवायला उसंतच मिळत नव्हती. ती तापत जायची, आणि तापलेली काच भिंगासारखी वागायची. आम्ही ते भिंग मोजत होतो आणि त्याला चांदीची करामत म्हणत होतो. खरा आकडा काढायचा तर सावकाश पल्स देणारा लेसर हवा होता. तो दुसऱ्या शहरातल्या संस्थेत होता आणि तिथे आठ महिन्यांनी नंबर लागणार होता.

आपण दोघी सेठी सरांकडे गेलो. तुम्ही आलेख त्यांच्यापुढे ठेवलात आणि तुमच्या त्या सावध, व्याकरणशुद्ध हिंदीत सगळं सांगितलंत. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे मान्य करायला हवं. मग आलेख पालथा ठेवला.

"कुंदा जी, आप ग्लास बहुत अच्छा बनाती हैं. फ़िज़िक्स हम देख लेंगे."

"सर, मैंने भी फ़िज़िक्स ही पढ़ी है."

"जी, जी. पक्का."

त्या 'पक्का'चा मला आजही संताप येतो. त्यात शिवी नव्हती, आवाज चढलेला नव्हता, काहीच नव्हतं. दार हळूच लावून आतून कडी घालावी तसा तो शब्द होता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या ना ताई, पुढच्या पेपरमध्ये घालू." तुम्ही व्हरांड्यात थांबलात.

"तुझा नवरा घालणार का हा चष्मा?"

"ताई, चष्मा कुठे होणार आहे लगेच?"

"होणार नाही तर पेपरात काहून लिहून राहिली? लेसरची तिरीप डोळ्यात घुसायला किती वेळ लागते? अन् ही काच तापायला किती? काच जागी होईपर्यंत डोळा गेलेला असेल."

ते आपलं भांडण तिथेच अर्धवट राहिलं, आणि पुढची दहा वर्षं मी ते मनातल्या मनात चालू ठेवलं. त्यात मी प्रत्येक वेळी जिंकायचे, कारण तुमची वाक्यंही मीच बोलायचे.

फेब्रुवारीत समीरची ऑर्डर आली. आसाम, सहा आठवड्यांत हजर. आठ महिने थांबायचं म्हणजे तिसऱ्यांदा सोडायचं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. सेठी सर म्हणाले, "एक लाइन डाल देते हैं, कि उष्णता का असर पूरी तरह नकारा नहीं जा सकता. बस?" मला ती ओळ म्हणजे देवाने टाकलेली दोरी वाटली. मी मसुद्यावर सही केली. चौथं नाव तुमचं होतं. तुम्ही चष्मा लावून सगळा मसुदा उभ्याउभ्या वाचलात, पेन मागितलंत आणि स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारलीत.

"सही केली तू?" तुम्ही मला विचारलंत.

"हो."

"बरं," म्हणालात, आणि भट्टीच्या खोलीत निघून गेलात.

छापायच्या आधी शेवटची प्रत मला आसामात मिळाली. त्यात ती एक ओळ नव्हती. कुणी काढली, कधी काढली, मी विचारलं नाही. घरात खोकी अर्धी उघडलेली, नळाला पाणी नाही, आमच्या मुलीच्या शाळेचा प्रवेश अडकलेला, अशी शंभर कारणं मी तुम्हाला देऊ शकते. खरं कारण एवढंच, की ती ओळ नसलेला पेपर वाचायला जास्त छान वाटत होता. मी 'मंजूर' असं उत्तर पाठवून दिलं.

पेपर गाजला. सेठी सरांना मोठा सन्मान मिळाला, मला डिग्री मिळाली, तिच्यावर कॉलेजातली नोकरी मिळाली. इथपर्यंतची गोष्ट तुमच्यामाझ्यात सारखीच ठाऊक आहे. पुढची मला फार उशिरा कळली.

काही वर्षांनी दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी तशीच काच करून मोजली. त्यांचा आकडा आमच्या आकड्याच्या जवळपासही येईना. त्यांनी तसं छापलं आणि विचारलं की असं का. सेठी सरांनी छापील उत्तर दिलं. ते मी वाचलं एका सकाळी, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, तास घ्यायला निघण्यापूर्वी. उत्तर लहानसंच होतं. त्यात लिहिलं होतं की मूळ नमुने तांत्रिक कर्मचाऱ्यांनी तयार केले होते आणि काच तापवण्याच्या प्रक्रियेत सातत्य न राहिल्यामुळे त्यांच्यात फरक पडला असावा.

तांत्रिक कर्मचारी. अनेकवचन आदरासाठी नव्हतं, ताई. त्या लॅबमध्ये काच करणारं माणूस एकच होतं.

म्हणजे बघा. जिने चूक दाखवली, जिने त्या पेपरवर आपलं नाव राहू दिलं नाही, तिच्याच डोक्यावर ती चूक ठेवली गेली. आणि ठेवताना तिचं नावही घेतलं नाही, म्हणजे तिला उत्तर द्यायलाही जागा नको. मी ते वाचलं, वर्गात गेले आणि पन्नास मिनिटं शिकवलं. काय शिकवलं ते आठवत नाही. दुपारी तुम्हाला लांबलचक मेसेज लिहायला घेतला. खूप खाडाखोड झाली. शेवटी पाठवला तो असा: "ताई, कशा आहात?"

तुमचं उत्तर आलं: "बरी. तू?"

मी लिहिलं: "मजेत."

तो 'मजेत' मला माझ्या सहीपेक्षाही जास्त टोचतो.

गेल्या वर्षी समीरची बदली पुन्हा इथे झाली, मीही इथल्या कॉलेजात नोकरी घेतली, आणि मला वाटलं, आता बोलता येईल. तुम्ही निवृत्त झाला होतात, काका कायमचे परत आले होते, जुई नोकरीला लागली होती. तुमच्या पंचकुल्याच्या घरी मी तीनदा आले. तिन्ही वेळा तुम्ही मला ज्वारीचं पीठ इकडे कुठे चांगलं मिळतं ते सांगितलंत. तिसऱ्या वेळी मी धीर करून म्हटलं, "ताई, त्या पेपरचं मला तुमच्याशी..."

"चहा टाकू का?" तुम्ही म्हणालात.

जुई आतून ओरडली, "मम्मी, मेरे लिए भी." आणि ते तिथेच संपलं.

मला तुमचाही राग येतो, हे तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्ही मला बोलू द्यायला हवं होतंत. चार शब्द सुनावायला हवे होतेत. तुम्ही गप्प राहिलात, आणि तुमच्या गप्प राहण्याचा सगळ्यांनी फायदा घेतला, सेठी सरांनी घेतला तसाच मीही घेतला. त्या तिसऱ्या भेटीनंतर तीन आठवड्यांनी जुईचा फोन आला. ती हिंदीत बोलत होती, आणि मधेच एकच वाक्य मराठीत बोलली, "आई गेली." तिच्या मागे लागून लागून तुम्ही तिला शिकवलेली मराठी, ती तिने त्या वाक्याला वापरली.

तेराव्यानंतर जुईने मला तुमच्या वह्या आणून दिल्या. "आंटी, इनमें क्या है मुझे समझ नहीं आता. पापा कहते हैं आपको दे दूँ." मी त्या घरी आणून समीर ऑफिसला गेल्यावर जेवणाच्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक पट्टीची नोंद होती. किती वेळ बुडवली, भट्टी किती तापली होती, किती मिनिटं ठेवली, रंग कसा आला. झडपेचा आलेख एका पानावर चिकटवलेला होता, त्याच्या खाली माझी आकडेमोड, माझ्या अक्षरात. मी ती केली होती हे मी विसरूनही गेले होते.

पुढच्या एका वहीत, सेठी सरांचं ते उत्तर छापून आलं त्याच्या नंतरच्या पानांवर, बारा पट्ट्या होत्या. पूर्वीच्याच पद्धतीने, पुन्हा केलेल्या. शेजारी नोंद, की सगळ्या जेवणाच्या सुट्टीत केल्या. तुम्ही त्या एकेक करून यंत्रावर तपासल्या होत्यात आणि बाराही पट्ट्यांचे आलेख एकाच कागदावर काढले होतेत. बारा रेघा एकीवर एक अशा बसल्या होत्या की लांबून एकच जाड रेघ दिसावी. सगळ्या नोंदी इंग्रजीत, आणि त्या कागदाखाली मात्र मराठीत एक वाक्य: काच नीट आहे.

तुम्ही हे कुणाला दाखवलं नव्हतंत. कुणाला दाखवणार होतात? दाखवायला पाहिजे होतं अशी एकच व्यक्ती होती, आणि ती 'मजेत' होती.

तर मी त्या शोकसभेत तिसऱ्या रांगेत बसले होते, वही पर्समध्ये होती. सेठी सर बसल्यावर सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, "अनघा मॅम भी दो शब्द कहें." मी दोन शब्द बोलायला उठले आणि जवळजवळ वीस मिनिटं बोलले. चिवड्याबद्दल बोलले नाही. झडपेबद्दल बोलले. काच तापत होती हे कुंदाताईंनी एका दुपारी कसं दाखवून दिलं ते सांगितलं. त्यांनी नाव का खोडलं ते सांगितलं. मी सही का केली ते सांगितलं, आणि ते सांगताना माझी हिंदी फार मोडली. मग बारा रेघांचा कागद उघडून धरला आणि म्हटलं, "जिन तांत्रिक कर्मचारियों की ग़लती बताई गई थी, वो ये थीं. काँच ठीक थी."

मागून सिमरन नावाची एक मुलगी उठली, तिथे नव्यानेच पीएच.डी. करणारी. तिने विचारलं, "मॅम, ये शटर वाला डेटा कहीं छपा है?"

"नहीं."

"क्यों?"

मी उत्तर द्यायच्या आत सूत्रसंचालक घाईघाईने उभे राहिले आणि म्हणाले की आता आपण दोन मिनिटं मौन पाळू या. सगळे उठले, माना खाली झाल्या. तुमच्यासाठी पाळलेलं ते मौन मला माझ्या तोंडावर ठेवलेल्या हातासारखं वाटलं.

बाहेर सेठी सरांनी मला गाठलं. ते आता थकलेत. ते दुष्ट नाहीत, ताई. दुष्ट असते तर मला किती सोपं गेलं असतं. "बेटा," ते म्हणाले, "वो चली गईं. अब इससे किसको क्या मिलेगा?"

"सर, उन पर इल्ज़ाम तो अभी भी छपा हुआ है."

"तुम्हारी अपनी डिग्री भी उसी पेपर पर है. सोचा है?"

मी म्हटलं, विचार केलाय. ते खोटं होतं. विचार मी त्या रात्री आणि पुढचे चार दिवस केला. समीरने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "वानखडे बाईंनी तुला विचारलं, ते तू मला का विचारलं नाहीस? मी तो चष्मा घातला असता का, ते?" मी म्हटलं, "घातला असतास?" तो म्हणाला, "तू दिला असतास तर घातला असता." मग मी आत जाऊन पत्र लिहायला बसले.

पेपर ज्या नियतकालिकात छापला होता त्यांना मी लिहिलं. पहिली लेखिका म्हणून लिहिलं. आमचा आकडा चुकीचा आहे, तो उष्णतेचा आहे, हे छपाईपूर्वी मला माहीत होतं, आणि नमुन्यांत दोष होता हे नंतरचं स्पष्टीकरणही खोटं आहे. झडपेचा आलेख जोडला, बारा रेघा जोडल्या. दुरुस्ती छापावी आणि तिच्यावर पहिलं नाव तुमचं असावं, अशी विनंती केली. कॉलेजच्या प्राचार्यांनाही एक प्रत दिली. त्या म्हणाल्या, बघू, समिती नेमावी लागेल. म्हणजे काय होईल ते मला ठाऊक नाही.

संपादकांचं उत्तर दहा दिवसांत आलं. सभ्य उत्तर. दुरुस्ती छापण्याच्या मुद्द्यावर ते विचार करतील, बाकीच्या लेखकांचं म्हणणं मागवतील. दिवंगत तांत्रिक साहाय्यकांच्या मदतीची नोंद मात्र आभाराच्या परिच्छेदात करणं उचित ठरेल.

मदत. आभार. परिच्छेद.

मी उलट लिहिलंय की ही मदत नव्हती, हेच संशोधन होतं. मदत मी केली होती, रेघांची आकडेमोड करून. आभार मानायचेच असले तर माझे माना. अजून उत्तर नाही. आलं नाही तर पुन्हा लिहीन. सिमरनने परवा फोन केला होता. तुमच्या वहीतल्या पद्धतीने ती स्वतः काच करून बघणार आहे, आणि पहिल्या दोन पट्ट्या काकवीसारख्या झाल्या म्हणून वैतागली होती. मी तिला सांगितलं, पाच मिनिटं आधी काढ. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. तुम्ही मला जे दिलंत त्यातलं काहीतरी माझ्या हातून खाली पडलं नाही, पुढे गेलं.

काल पत्रांच्या प्रती घेऊन मी काकांकडे गेले. जुई ऑफिसात होती. काकांनी चष्मा पुसून सगळं सावकाश वाचलं, माझं पत्र, संपादकांचं, परत माझं. मग कागद जुळवून गुडघ्यावर ठेवले.

मी विचारलं, "काका, ताई सेठी सरांबद्दल घरी काही बोलायच्या का?"

"नाही. त्यांच्याकडून तिची काही अपेक्षाच नव्हती."

ते खिडकीबाहेर बघू लागले. समोरच्या घरी कुणी गाडी धूत होतं.

"तिला राग तुझा होता, अनघा," ते म्हणाले. "शेवटपर्यंत होता. तू आली की तुझ्यासाठी चहा टाकायची, अन् तू गेली की तासभर कोणाशी बोलायची नाही. मी म्हणायचो, सांगून टाक तिला एकदाचं. तर म्हणायची, तिले कळते सगळं. तिनंच बोलावं."

मी 'हो' म्हटलं. काकांनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि जेवून जायला सांगितलं. मी थांबले. पोळ्या त्यांनी केल्या, भाजी मी चिरली, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरातच जेवलो.